केंच्याचा पिंजरा

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. जिला सांगायला हवी होती ती माझी मुलगी शरयू पुण्याला असते आणि दर रविवारी तिचा फोन येतो — तेव्हा संधी मिळाली नाही असे म्हणण्याची सोय नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून हे सोपे जाते आहे काय? असेल.

माझी नोकरी धारवाडच्या कोर्टात झाली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. त्याआधी कित्येक वर्षे साक्षीदारांना शपथ देण्याचे काम माझ्याकडे होते. खोटे बोलायला आलेला माणूस शपथ जरा जास्त मोठ्याने घेतो, असे माझे निरीक्षण होते. ते पुढे स्वतःवर तपासून पाहता आले.

घर रायापूरला, हुबळी रस्त्यापासून थोडे आत. मी सांगतो आहे त्या काळात रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते आणि कडेची जुनी झाडे एकेक करून जात होती. पत्नीला जाऊन दोन-तीन वर्षे झाली होती. त्याच सुमारास शरयूचे लग्न मोडले आणि ती बेळगावहून परत आली — एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला तांबूस रंगाचे एक कुत्रे. आमच्याकडे कानडीत अशा कुत्र्याला केंचा म्हणतात. आम्ही त्याचे केंच्या केले.

मला कुत्री आवडत नसत. हे मी तिला दारातच सांगितले. ती म्हणाली, "अप्पा, त्यालाही तुम्ही आवडला नाहीत. बघा की, शेपूट तरी हलवतोय काय?"

केंच्याला एकच खोड होती. त्याला एकटे राहता येत नसे. शरयू हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचे हिशेब पाहायला जाई. मी घरी असलो तर तो दाराशी नुसता बसून राही. पण मीही भाजीला म्हणून बाहेर पडलो, की आतून जो आवाज सुरू होई तो बस थांब्यापर्यंत ऐकू येत असे. दार खरवडून त्याने खालची फळी झिजवली होती. ते दार अजून तसेच आहे.

आणखी एक सांगायला हवे. आमच्या घरात "येतो" म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नसे. हा माझ्या पत्नीचा दंडक. एकदा कोर्टाची घाई असताना तिने मला फाटकापासून परत बोलावून ते म्हणायला लावले होते. ती गेल्यावर मी तो शब्द सोडून दिला — कोणाला म्हणणार? शरयूने तो पुन्हा घरात आणला. निघताना ती केंच्याचे तोंड दोन्ही हातांत धरून म्हणे, "येते हं केंच्या, येते." त्या शब्दालाच त्याचे अंग कापू लागे.

मग शरयूला पुण्याला चांगली नोकरी लागली. घरमालकाची कुत्र्याला हरकत नव्हती; दिवसभर ओरडणाऱ्या कुत्र्याला इमारतीतल्या सर्वांचीच होती. तेव्हा असे ठरले, की तिने पुढे जावे, आणि मी केंच्याला एकटे राहायला शिकवून तयार करावे. तिच्या वर्गातल्या एकाची तारिहाळला वेल्डिंगची शेड होती. त्याने पिंजरा बनवून दिला — गोल सळ्यांचा, चांगला ऐसपैस, कडी बाहेरून. शरयू जाताना म्हणाली, "अप्पा, तुम्ही शिकवलंत तर तो शिकेल. तुमच्यापुढे मी पाढे शिकले, कुत्र्याचं काय घेऊन बसलात."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पद्धत समजावली. पिंजऱ्याचे दार प्रथम उघडेच ठेवायचे. जेवण आत द्यायचे. घरच्या माणसाचा वास असलेले जुने कापड आत अंथरायचे. तो आपणहून आत बसू लागला की दार क्षणभर लावायचे, उघडायचे. मग जरा जास्त वेळ. मग खोलीबाहेर जायचे आणि तो घाबरण्यापूर्वीच परतायचे. जाताना निरोप नाही, आल्यावर कौतुक नाही. "ती त्याला आपली खोली वाटली पाहिजे, साहेब," त्या म्हणाल्या. "शिक्षा म्हणून, कोंडायला म्हणून तिचा कधी उपयोग करायचा नाही. एकदा भीती बसली, की परत विश्वास बसत नाही."

मी शब्दाला पक्का माणूस. तसेच केले. कापड म्हणून पत्नीचे एक जुने इरकली लुगडे कपाटातून काढले. ते का काढले, दुसरे काही नव्हते काय? — होते.

ते महिने मला आजही स्पष्ट आठवतात. सकाळी आम्ही घरामागच्या शेतांकडे जात असू. पाऊस होऊन गेलेला असे आणि काळी माती त्याच्या पंजांना लाडवासारखी चिकटे. तो एकेक पाय उचलून माझ्याकडे पाही, जणू हे काम माझ्या खात्याचे आहे. घरी आल्यावर जुन्या धोतराने मी त्याचे पाय पुसत असे. मग ज्वारीची भाकरी दह्यात कुस्करून पिंजऱ्यात ठेवायची. संध्याकाळी कोपऱ्यावरून खायला गिरमिट आणले, तर त्यातले खाली सांडतील तेवढेच चुरमुरे तो खाई. हातावरचे कधी मागितले नाहीत. मी वर्तमानपत्र वाचायला बसलो की माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपे. पायाला मुंग्या येत. मी पाय काढत नसे.

आणि तो शिकला. गणपती आले तेव्हा तो पिंजऱ्यात जाऊन स्वतःच लुगड्यावर गोल फिरून बसू लागला. नवरात्रात मी कडी लावून, एक शब्द न बोलता, मंडईपर्यंत जाऊन आलो. तो झोपलेला होता. शेजारच्या गंगक्कांनी कुंपणावरून निम्म्या कानडीत विचारले, "एन्री साहेबर, केंच्या गावाला गेलाय काय? आवाजच नाही की." मला त्यावर हसू आले. फार दिवसांनी आले असावे, कारण गंगक्का माझ्याकडे जरा रोखून पाहत राहिल्या.

त्या रविवारी शरयूने फोनवर विचारले, "अप्पा, जमतंय काय त्याला?"

मी म्हणालो, "नाही. अजून ओरडतो."

जरा मोठ्याने म्हणालो.

असे का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात अवघड काही नाही. तो मला हवा होता. शरयूला तिथे कोणी नव्हते. नव्या गावात, नव्या नोकरीत, मोडलेले लग्न पाठीशी घेऊन ती एका खोलीत राहत होती आणि केंच्या कधी येतो याची वाट पाहत होती. हे मला माहीत होते. माहीत असूनही पुढच्या रविवारी मी तेच म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारीही.

इथवर नुसते खोटे होते. तेवढ्यावर थांबले असते, तर कदाचित मी हे लिहिले नसते.

दिवाळीला ती येते म्हणाली. "गाडी सांगितलीय अप्पा, जमलं असेल तसं असू दे. मी त्याला घेऊनच जाते. तिथं बघू काय ते." आता ती येऊन पाहणार होती. तिने कडी लावली असती, दोघे बाहेर जाऊन आलो असतो, आणि केंच्या लुगड्यावर शांत झोपलेला सापडला असता.

ती येण्यापूर्वीच्या आठवड्यात मी त्याला मोडले.

कसे, ते नीट सांगतो. सकाळी त्याला पिंजऱ्यात बोलावले. तो आला. भाकरी ठेवली नाही. लुगडे काढून घेतले. कडी लावली. मग त्याच्यासमोर चपला घातल्या, छत्री घेतली, किल्ल्या वाजवल्या, आणि त्याच्याकडे पाहून म्हणालो, "येतो हं केंच्या. येतो." पत्नी गेल्यानंतर तो शब्द मी प्रथमच उच्चारला. तो उठून उभा राहिला. मी पुढचे दार लावून, फाटक वाजवून बाहेर पडलो — आणि घराला वळसा घालून मागे कढीपत्त्याच्या झाडाखाली धुण्याच्या दगडावर बसलो.

तो लगेच ओरडला नाही. बराच वेळ वाट पाहिली त्याने. त्याचा माझ्यावर विश्वास होता — मी नेहमी घाबरण्यापूर्वीच परत येतो, हे मीच त्याला शिकवले होते. मग सुरू झाले. सळ्यांवर नखे, सळ्यांवर दात. मी ऐकत होतो. दुपार होईपर्यंत ऐकत होतो. आवाज बसून नुसती घरघर उरली तेव्हा आत गेलो.

असे मी त्या आठवड्यात रोज केले. ज्या शिस्तीने शिकवले होते त्याच शिस्तीने.

शरयू आली तेव्हा त्याच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तिने पिंजऱ्याचे दार नुसते उघडले, तर तो पलंगाखाली जाऊन थरथरू लागला आणि त्याने तिथेच लघवी केली. ती फरशीवर बसली. मला वाटले ती माझ्याकडे पाहील आणि तिला समजेल. तिने पाहिले. डोळे भरलेले होते. म्हणाली, "माझीच चूक अप्पा. मी सोडून गेले त्याला. तेच त्याच्या मनात बसलंय." आणि मग — हे मला नीट लिहिले पाहिजे — ती म्हणाली, "तुम्हाला ह्या वयात मी केवढा त्रास दिला. एवढं करून तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत."

मी काय केले? चहा ठेवायला उठलो.

ती रिकामी गाडी घेऊन परत गेली. केंच्या माझ्याकडे राहिला.

काही दिवसांनी गंगक्कांनी नेहमीप्रमाणे कुंपणावरून भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. जाता जाता म्हणाल्या, "साहेबर, त्या दिवशी कुत्रं आत रडत होतं. तुम्ही मागं दगडावर बसला होता, नव्हं?"

"हो," मी म्हणालो.

त्या आपल्या घरात गेल्या. भाकरी पुढेही येत राहिली. केंच्याची चौकशी मात्र त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

मी त्याला परत शिकवण्याचा प्रयत्न केला. डॉक्टरबाईंनी सांगितले होते ते सगळे पुन्हा पहिल्यापासून. लुगडे पुन्हा अंथरले. ते त्याने फाडले. पिंजऱ्यात तो नंतर कधीच गेला नाही. किल्ल्यांचा आवाज झाला की भिंतीला चिकटून उभा राही. पिंजरा मी गच्चीवर नेऊन ठेवला.

मग आम्ही दोघे घरात राहिलो. लग्ने, मुंजी, बारशी — कुठेच गेलो नाही. गावात माझे नाव झाले. शिरस्तेदारांनी कुत्र्यासाठी उंबरा सोडला नाही, माणसे माणसांसाठी इतके करीत नाहीत, असे लोक माझ्या तोंडावर म्हणत. मी ऐकून घेत असे. शरयूचे पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा तीच फोनवर म्हणाली, "तुम्ही येऊ नका अप्पा, केंच्या कुठं राहील?" कागदांवर नातेवाइकाची सही लागते. ती तिच्या ऑफिसातल्या एका बाईने केली.

तो सुखी होता काय? माझ्या पायाशी असे तोवर होता, असे वाटते. संध्याकाळी चुरमुरे खाई. म्हातारपणी डोळे गेले. शेतात माझ्या चपलांच्या आवाजामागून चाले. मागच्या हिवाळ्यात, मी वर्तमानपत्र वाचत असताना, पावलावर हनुवटी ठेवूनच गेला. उशिरा लक्षात आले. कढीपत्त्याच्या झाडाजवळ जागा होती, पण तिथे पुरले नाही. शेताच्या बांधाकडे नेले.

गेल्या महिन्यात शरयूने पुण्यात एक पिल्लू आणले. इतक्या वर्षांनी धीर केला, असे तिचेच शब्द. ती कामावर गेली की ते ओरडते. तिने पिंजऱ्याची आठवण काढली, आहे काय अजून म्हणाली. मी तो गच्चीवरून उतरवला, गंज खरवडला, कडीला तेल घातले. खालच्या सळ्यांवर दातांच्या खुणा आहेत. त्या घासून जात नाहीत. तसाच पुण्याच्या बसवर चढवला.

रविवारी तिने पद्धत विचारली. मी सगळी सांगितली — उघडे दार, आतले जेवण, घरच्या वासाचे कापड, क्षणभर कडी, निरोप न घेता जाणे, घाबरण्यापूर्वी परतणे. काही विसरलो नव्हतो. ती लिहून घेत होती.

"एवढं सगळं केलंत तुम्ही," ती म्हणाली, "तरी बिचारा शिकला नाही. मी सोडून आले नसते तर शिकला असता, होय ना अप्पा?"

मी म्हणालो, "हो."