खाणीशेजारच्या विहिरीचं माप

वहीत मी 'मोटर रात्रीपासून बंद' असं लिहिलं आणि तिथेच सगळं फिरलं. मोटर बंद होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

गेलो होतो प्राचीसाठी. विभागप्रमुखांशी भांडून मी भूगर्भशास्त्राचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं, माझ्याच वर्गातली ती टिकली. उघड्या कोळसा खाणीजवळच्या विहिरींचं पाणी ती वर्षभर दर महिन्याला मोजत होती. त्या वहीच्या आधारावर गाव खाणीकडे नळाचं पाणी मागणार होतं. या खेपेला तिला गाडीवर नेणारा हवा होता आणि मला तिच्यासोबतचा एक दिवस.

तुम्हाला जायचं असेल तर प्रताप नगरहून सकाळी सहाला निघा. सावनेर रोड मस्त आहे, फाट्यानंतर मात्र डंपर आणि दातांत कचकचणारी काळी धूळ. तर्री-पोहे फाट्यावरच खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. गावामागे जे डोंगर दिसतात ती खाणीतून काढलेली माती. खड्डा विहिरींपेक्षा खोल, आणि त्यात झिरपणारं पाणी सतत उपसून फेकतात, म्हणून गावच्या विहिरी खाली जातात.

त्या सकाळी प्राची हातपंपावर नमुन्याची बाटली विसळत होती. विहिरीवर मी आणि विहिरीचे मालक शामरावकाका.

"मोटर आताच बंद केली गा. संत्र्याले पाणी देऊन राहिलो होतो. थांबता का घंटाभर? चहा होते तवरक."

उपशानंतर विहीर भरू द्यावी लागते, हे मलाही माहीत होतं. पण टेप सोडला तर पाणी गेल्या महिन्यापेक्षा पाच मीटर खाली. प्राची खूश होईल, खाणवाले गप्प बसतील. मी लिहून टाकलं.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीत बैठक. खाणीच्या इंजिनिअरनं वही चाळली, शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "काका, त्या दिवशी मोटर चालू होती?"

"होती ना जी. मी या पोराले सांगतलं होतं."

त्याच दिवशी विहिरीला आराम देऊन सगळ्यांसमोर पुन्हा मोजलं. आधीच्या महिन्यापेक्षा तीन मीटर खाली. नळासाठी तेवढंही पुरेसं होतं. पण वहीवरचा विश्वास गेला. आता वर्षभर नव्यानं मोजायचं ठरलं. निघताना काका म्हणाले, "खरं कमी पडत होतं काय गा?" मी टेप गुंडाळत राहिलो.

 परतल्यावर प्रताप नगरमधल्या प्राचीच्या खोलीत मी टेप टेबलावर ठेवला.

"बाकीचे अकरा महिने तर खरे आहेत ना," मी म्हटलं.

"मला माहीत आहे. त्यांना कसं पटवू?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझं नाव नको घेऊस. अजून एक वर्ष ते लोक काय पितील, ते सांग."

एरवी मी आवाज चढवला असता. त्या दिवशी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.