सिद्राम आणि बुजवलेली विहीर

त्या सकाळी मी विहिरी मोजायला गेलोच नव्हतो.

एम.ए. भूगोलाचं दुसरं वर्ष. वळसंगच्या विहिरींचं सर्वेक्षण, दोघांत एक प्रोजेक्ट. मी आणि सिद्राम. अर्ध्या विहिरी त्याच्या, अर्ध्या माझ्या.

त्यानं त्याच्या वाट्याच्या दोरी टाकून मोजल्या. हाताला फोड आले होते.

माझ्या दिवशी गुरुवार होता. वळसंग आलं, पण मी एसटीतून उतरलो नाही. तसाच अक्कलकोटला गेलो. दर्शन घेतलं. आणि मठाच्या ओवरीत बसून, जुनी टोपोशीट समोर धरून, नकाशातल्या एकेका विहिरीचं पाणी मनानंच लिहून काढलं.

पुढे सर स्वतः गावात जाऊन आले.

मी जिच्यात तीस फूट पाणी दाखवलं होतं, ती विहीर केव्हाच बुजवलेली. नकाशात होती. जमिनीवर तूर उभी होती.

"हे आकडे कोणाचे?"

मी टेबलावरच्या नकाशाकडे बघत राहिलो.

सिद्राम म्हणाला, "माझे, सर."

बाहेर येऊन मी रडायला लागलो, तर म्हणतो कसा, "गप की लेका. तुला नोकरी पायजे. मला बापाचं दुकान हाय."

त्यानं मोजलेले खरे आकडे माझ्या नावावर लागले, आणि तो नापास झाला. वडिलांनी शिक्षण बंद केलं, नवी पेठेत कापडाच्या दुकानात बसवलं. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "ह्येला एमेला धाडलं, खोटं लिवून आला."

मी तिथंच उभा असायचो. शर्टपीस बघत.

मी प्राध्यापक झालो.

"आता तुझ्या घरी सांगतो" म्हटलं, की तो म्हणायचा, "सोड की ते. चहा घे."

आणि मी चहा घ्यायचो.

गुरुवार अजून चुकवत नाही. पण हात जोडले की पुढे माझ्याच्यानं काही मागवत नाही.

सोमवारी सिद्राम गेला. हार्ट अटॅक. दुकानातच.

काल त्याच्या घरी गेलो. अव्वांना, त्याच्या आईला, सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या,

"त्येचा बाप मरेपत्तुर त्येच्याशी धड बोलला न्हाय. आन् तू आत्ता सांगतोस व्हय?"

मग त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"मला म्हातारीला सांगून काय उपेग? त्येच्या पोरांना सांग."

दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं. त्यांच्या बापानं कधीच काही खोटं लिहिलं नव्हतं. धाकटी उठून आत निघून गेली.

आज आपल्या सगळ्या बॅचसमोर, माझ्या नावानिशी, हे लिहिलं.

सिद्राम, फार उशीर केला रे मी. नमस्कार घे.