रुमिजाची कोरडी फरशी

जावाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या रांदुवेतान गावात माणूस किती खातापिता आहे ते त्याच्या कपाळावरून कळतं. कपाळावर जेवढी टेंगळं जास्त, तेवढी ऐपत जास्त. भरतीचं पाणी घरात शिरतं म्हणून आम्ही घरातली जमीन उचलतो. मुरूम, विटांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, मिळेल ते भरायचं आणि वर सिमेंट ओतायचं. छप्पर बिचारं होतं तिथेच राहतं. जमीन वर येत जाते, दार बुटकं होत जातं, आणि आलागेला चौकटीवर कपाळ आपटतो. ज्याला भराव जमत नाही तो पाण्यात उभा राहतो, पण ताठ उभा राहतो.

गावातलं सगळ्यात बुटकं दार बू रुमिजाचं, म्हणजे रुमिजाबाईचं. तिच्या घरात दहा वर्षांचं पोर तेवढं मान वर करून चालतं. ती स्वतः वाकूनच असायची, त्यामुळे बाहेर आली तरी पाठ सरळ व्हायला वेळ लागायचा. पण फरशी? आरशासारखी. पांढरी, चकचकीत, कोरडी ठणठणीत. दिवसातून तीनदा पुसायची आणि पुसताना दार उघडं ठेवायची. का, तर शेजारच्या खोतिमाला दिसावं.

रुमिजाचं आख्खं आयुष्य एका वाक्यात सांगायचं तर खोतिमापेक्षा एक बोट वर राहणं. दोघी एकाच वर्षी गावात सून म्हणून आल्या. दर वर्षी समुद्राला नैवेद्य सोडतात, त्यातला भाताचा उंच डोंगर कोणी रचायचा यावरून पहिली ठिणगी पडली. रुमिजाचा डोंगर मिरवणुकीत घाटापर्यंत पोचायच्या आतच ढासळला. पुढच्या वर्षीपासून तो मान खोतिमाचा झाला, तो कायमचा. मग खोतिमाला आधी मुलगी झाली, खोतिमाच्या सुक्या कोळंबीच्या गोळ्यांना सेमारांगचे व्यापारी जास्त विचारायला लागले. रुमिजाने काय करावं? तिने जमीन उचलली. खोतिमाने एक थर टाकला की महिन्याभरात रुमिजाचा थर एक वीत जास्त. उंच घराचं पाणी कुठे जाणार? शेजारी. रुमिजाच्या अंगणातून उतरलेली भरती सरळ खोतिमाच्या चुलीत. खोतिमाने काही वर्षं बरोबरी केली, मग हात टेकले. पाण्यात विटा मांडून त्यांच्यावर पलंग ठेवला आणि म्हणाली, "असू दे."

हे "असू दे" रुमिजाला जास्त झोंबलं. मला म्हणाली, "बघितलंस मिनाह? हरली ती. पण हरल्याचा मान पण तीच घेते."

माझी टपरी दोघींच्या घरांसमोर आहे, बांबूच्या खांबांवर. कॉफी आणि तळलेलं टेम्पे, सोयाबीनच्या वड्यांचं. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला आवडतंही.

मग शहरातली शिकलेली माणसं आली. म्हणाली, सरकारवर खटला भरायचा. धूर कमी करू असं दर वर्षी जगापुढे सांगायचं आणि घरी येऊन कोळशाच्या वीजकेंद्राची नवी चिमणी उभारायची, किनारा खचतोय तर बांध घालायचा नाही, हे चालणार नाही. फिर्यादीत पहिलं नाव कोणाचं? खोतिमाचं. कारण पाण्यात पलंग तिचा. ती जाकार्ताला गेली, मोठ्या सभेत बोलली, टीव्हीवर दिसली. निळी ओढणी घेतली होती. रुमिजा टीव्ही बघता बघता म्हणाली, "ओढणी माझ्यासारखी आहे." मग म्हणाली, "माझी जास्त चांगली आहे."

त्या दिवसापासून माझ्या टपरीवर रोज सभा भरायला लागली. खोतिमा कॉफी घ्यायला आली की रुमिजा पाठोपाठ यायचीच.

"काय गं, समुद्र फुगतोय म्हणे?"

"फुगतोय," खोतिमा म्हणायची. "धूर वर जातो, उष्णता अडकते, पाणी तापून फुगतं. बर्फ वितळतं ते वेगळंच."

"तो काय भिजत घातलेलं सोयाबीन आहे फुगायला? जमीन खचतेय, जमीन! शहरातले कारखाने खालून पाणी ओढतात म्हणून. माझा मुजीब सांगतो."

"तेही खरंच आहे. दोन्ही खरं."

"दोन्ही कसं खरं असेल? बाईला नवरा एकच असतो."

"तुझ्या सासऱ्याला विचारायचं होतंस, त्याला बायका किती होत्या."

सगळी टपरी हसली. रुमिजाचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल. कारण मुद्दा निराळाच होता. तिचा मुलगा मुजीब जेपाराच्या बाजूला कोळशाच्या वीजकेंद्रात कामाला. खोतिमा चिमणी म्हणाली की रुमिजाला मुजीब ऐकू यायचा.

"माझ्या पोराच्या चिमणीवर उठलीस तू. ती चिमणी आहे म्हणून तुझ्याकडे पंखा फिरतो."

"फिरतो गं. पाण्यावर फिरतो. आणि मुजीबला कोण काय म्हणतंय? तो गुणाचा पोरगा. ज्यांनी शब्द दिला आणि पाळला नाही त्यांना विचारतेय मी."

"माझ्या पोराला गुणाचा म्हणायला तू कोण?" रुमिजा म्हणाली आणि कॉफी तशीच टाकून गेली.

कधी कधी मला वाटायचं, खोतिमा सरकारच्या बाजूने बोलली असती तर हीच रुमिजा झेंडा घेऊन समुद्राची वकिली करत फिरली असती.

तेवढ्यात सरकारी वकील गावात उतरला. इस्त्रीचा बाटिक शर्ट, हातात बूट. रुमिजाच्या दारात आपटला, कपाळ चोळत आत गेला आणि फरशी बघून खूश झाला. "शाब्बास, बू! याला म्हणतात हिंमत. रडत बसला नाहीत." रुमिजाने त्याला तळलेली केळी दिली, जपून ठेवलेल्या बशीत. त्याने फोटो काढले. ते फोटो कोर्टात लागले: हे फिर्यादीचं घर, हे अगदी चिकटून असलेलं शेजारचं. एक ओलं, एक कोरडं. मग बुडवतंय ते नेमकं काय? समुद्र की आळस?

गावात बातमी आली तेव्हा बायका रुमिजाशी बोलेनाशा झाल्या. आमचा खटला तिच्या फरशीवरून घसरणार होता, हे लहान पोरालाही कळत होतं. रुमिजाला मात्र ते आठ दिवस ईदसारखे गेले. "कोर्टात माझं घर दाखवलं," ती मला सांगायची. "तिचंही दाखवलं, पण वाईट म्हणून."

मग न्यायाधीश स्वतः गाव बघायला आले. तिघे होते, त्यांतल्या मुख्य एक जजबाई. आधी खोतिमाकडे गेले. घोट्यापर्यंत पाणी, विटांवरचा पलंग, भिंतीवर शेवाळाच्या रेघा. खोतिमा सांगत होती, आवाज न चढवता. जजबाई ऐकत होत्या. त्यांनी खोतिमाचा हात हातात घेतला. रुमिजा आपल्या दारात वाकून बसली होती. तिने तो हात पाहिला. मी तिच्याकडे पाहत होते. तिचे डोळे त्या दोन हातांवरून हलेनात.

"आता शेजारी पाहावं, बाईसाहेब," सरकारी वकील म्हणाला.

जजबाई वाकल्या, तरी डोक्याला लागलंच. आत उभं राहता येईना, तेव्हा चटईवर बसल्या. फरशीवर तळवा फिरवला.

"कोरडी आहे."

"वर्षभर कोरडी," वकील म्हणाला. "विचारा त्यांना."

आम्ही सगळे खिडकीशी जमलो होतो. गावाचं काय व्हायचं ते आता रुमिजाच्या जिभेवर होतं. खोतिमा उंबऱ्याबाहेर पाण्यात उभी. रुमिजाने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच हसली. मला वाटलं, संपलं.

"बू, तुम्हाला काही त्रास नाही?" जजबाईंनी विचारलं.

"मला? मला कसला त्रास?"

"नशीबवान आहात," जजबाई प्रेमाने म्हणाल्या. "शेजारणीने फार सोसलंय हो. तुमच्यावर ती वेळ आली नाही."

रुमिजाचं हसू तसंच राहिलं, पण ते आता कोणा दुसऱ्याच्या तोंडावर चिकटवल्यासारखं दिसत होतं.

"कोणी सोसलंय?"

"या खोतिमाबाईंनी."

"हिनं?" रुमिजा म्हणाली. "हिनं सोसलंय? आणि मी काय लग्नाला आलेय इथे?"

ती रांगत मागच्या खोलीत गेली आणि पहार घेऊन आली. वकील म्हणाला, "बू, बू, काय करताय?" तिने पहिला घाव घातला. उभं राहून घालता येईना, म्हणून गुडघ्यांवर बसून घातला. पांढरी फरशी तडकली.

"हा थर मुजीबने पहिल्या पगारात टाकला," ती धापा टाकत म्हणाली. खाली सिमेंट लागलं. "हा माझा नवरा गेला त्या वर्षीचा. मुरूम वाहून वाहून छातीत कळ आली त्याच्या." मग शिंपले लागले. "हे मी एकटीने वेचले." मग विटा. मग तळाशी हिरव्या नक्षीच्या फरशीचा तुकडा निघाला, काळा पडलेला. "आणि ही माझ्या लग्नातली. इथे मी ताठ उभी राहायचे, बाई. या दारातून डोक्यावर घागर घेऊन आत आलेय मी! तिचं एकच घर बुडालं. माझी किती बुडाली ते लिहा. एकावर एक पुरलीत मी!"

खड्ड्यात पाणी दिसलं. आधी बुडबुडे आले, मग ते शांतपणे वर चढायला लागलं.

"हे नोंदीत घेऊ नये," सरकारी वकील म्हणाला. "पाहणीचा हा भाग नव्हे."

"मी पाहिलंय ना?" जजबाई म्हणाल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "लिहा."

चटईचं टोक खड्ड्यातल्या पाण्यात घसरलं तशी खोतिमा वाकून आत शिरली आणि गादीची गुंडाळी उचलायला लागली. रुमिजा तिच्यावर ओरडली, "हात लावू नकोस! मोजू दे त्यांना आधी. तुझ्यापेक्षा वर आलंय का बघ."

खोतिमाने पाण्यात बघितलं. "नाही गं, माझ्याकडे जास्त आहे."

"थांब, भरती यायचीय अजून," रुमिजा म्हणाली.

तो खड्डा पुन्हा बुजला नाही. ओतलेलं सिमेंट पाण्याने धुऊन नेलं, आणि पावसाळा लागेपर्यंत बाकीची फरशीही फुगून उखडली. निकाल अजून लागलेला नाही. तारीख पडते, वकील आजारी पडतो, परत तारीख पडते, आणि जेपाराकडे म्हणे आणखी एक चिमणी उभी राहतेय. या काळात गावातली निम्मी घरं रिकामी झाली. मुजीब आईला न्यायला आला. वसाहतीत पक्की खोली, उंच छप्पर, नळाला गोडं पाणी. माझ्याच टपरीवर बसून तो तिची विनवणी करत होता.

"आई, इथे आता काय आहे?"

"खोतिमाला तिच्या मुलीने बोलावलंय का?" रुमिजाने विचारलं.

"बोलावलंय. पण त्या जात नाहीत म्हणे."

"का जात नाही?"

मुजीबने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "ती म्हणते, रुमिजा इथे असताना मी कशी जाऊ?"

रुमिजाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"बघ," ती लेकाला म्हणाली, "कशी आहे ती. मी गेले रे गेले की सांगत फिरेल, गावात शेवटी राहिले ती मीच म्हणून. तू जा, पोरा. उशीर होईल. आणि येताना विटा घेऊन ये. पलंग जरा उचलायचाय, तिच्याहून थोडासा वर."