पोह्यांवरचा कांदा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांवर घालायला कांदा चिरत होते. "आत्या, बाबा गेले." हातातली सुरी खाली ठेवली आणि आधी आला तो रागच... रडू नंतर आलं. महिना उलटून गेला, राग अजून तिथेच आहे.

दादा, माझा थोरला भाऊ, कचेरीतून निवृत्त झाला आणि होमिओपॅथीच्या पुस्तकांत बुडाला. दर रविवारी बैठकीत लाकडी पेटी उघडून बसायचा. पोटाची तक्रार कसलीही असो, गॅस, आम्लपित्त, बद्धकोष्ठ, औषध एकच: नक्स व्होमिका. म्हणजे आपल्याकडच्या रानातला कुचला, कडूजहर आणि विषारी. पण विरळ करत करत त्याचं नावच तेवढं उरतं आणि साखरेच्या गोळीवर चढतं. पैसे घ्यायचा नाही. पथ्य मात्र कडक: कॉफी नाही, हिंग नाही, कच्चा कांदा तर नाहीच. आता नागपुरात तर्री-पोहे कांद्याशिवाय कोण खातो? गुण आला तर तो औषधाचा. नाही आला की दादा चष्म्यावरून बघायचा, "कांदा खाल्ला असशील!" समोरचा ओशाळून मान डोलवायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. एकदा विचारलं, "दादा, याचा पुरावा काय?"

"हे एवढे लोक काय खोटं बोलून राहिले वं?"

"बरे झालेले पेढे घेऊन येतात. बाकीचे धंतोलीतल्या दवाखान्यांत जातात, ते तुला सांगायला येतात का? आणि पोट पुष्कळदा आपलं आपणच बरं होतं."

तो हसला. "तुले सगळ्यातच खोट दिसते, सुमे." रागावला मात्र नाही. फार गोड माणूस होता, आणि आता तेच खुपतं.

मग त्याच्याच घशाखाली घास अडकायला लागला. पँट सैल झाली, पट्ट्याला नवी भोकं पाडली. मी हात जोडले, धंतोलीत दाखव म्हणून. "अवं, लग्नात कोशिंबिरीत कांदा होता. गोळ्यांचा असरच गेला. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करून राहिलो." दर वेळी काही ना काही निघायचंच... कधी कॉफी, कधी वरणातला हिंग. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेतली गाठ पसरलेली होती. "इतके दिवस काय घेत होते?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनीने पिशवीतून नक्स व्होमिकाच्या गोळ्यांची बाटली काढून दाखवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटली तिच्या हातात परत दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेरवीला कामठीचे एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "माह्यं पोट दादांनीच बरं केलं." आणि मग हळूच, "त्यांच्याच हातून पथ्य मोडलं असन." मी उठून आत गेले.

परवा वहिनीकडे गेले. तिने पोहे पुढे केले, वर चिरलेला कांदा. त्या घरात कच्चा कांदा मी कित्येक वर्षांनी पाहिला. सुटली बिचारी, असं वाटलं. दोन घास खाऊन तिने छाती चोळली, उठली, आणि दादाची पेटी उघडली.

"वहिनी, काय होतंय?"

"काही नाही, जळजळते. पंधरा-वीस दिवस झाले."

"चल, आत्ताच धंतोलीत जाऊ."

तिने गोळ्या जिभेवर टाकल्या. "कशाले वं बाई? हे गेल्यापासून पथ्य कुठं सांभाळलं मी?" आणि बशीतला कांदा बोटाने कडेला सारला.