हजेरीतले एकवीस महिने

२० फेब्रुवारी २००१, मंगळवार. रक्कम दोन लाख पाच हजार दोनशे रुपये. हजर चौघे: कंपनीचे कार्मिक अधिकारी, युनियनचा एक प्रतिनिधी, प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबण्याच्या खात्यातला, एक कामगार आणि मी. सातपूरच्या त्या कारखान्यात मी हिशेबाचं काम बघत असे. स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरून घेणं चालू होतं. खोली कॅन्टीनच्या शेजारची, त्यामुळे सगळ्या कागदांना फोडणीचा वास लागला होता.

हिशेब सोपा होता. नोकरीच्या दर वर्षामागे पंचेचाळीस दिवसांचा पगार, आणि वर ग्रॅच्युइटी पंधरा दिवसांची. या कामगाराचा रोज एकशे ऐंशी. एकोणीस वर्षांचे मिळून वरची रक्कम होत होती. अर्जाच्या तळाशी छापलेलं होतं की मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय नोकरी सोडत आहे. त्या दिवसापर्यंत अशा एकतीस अर्जांवर सह्या झाल्या होत्या, आणि स्वखुशीने आलेला एकही चेहरा मला आठवत नाही.

तो पेठ तालुक्याकडचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, सावकाश बोलणारा. कागद उलटसुलट पाहून म्हणाला, "साहेब, ही एकोणीस कशी? मी अठ्ठ्याहत्तरपासून हाय. तेवीस भरली."

"ब्याऐंशीच्या आधी तुम्ही टेम्पररी होतात," अधिकारी म्हणाले. "त्यात मध्ये मध्ये खंड आहे. खंड पडला की ती वर्षं धरत नाहीत."

"खंड नाय पडला, साहेब."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो, मधल्या महिन्यांत हे कामावर होते का?"

ते कामावर होते. हे त्या खोलीत दोघांना पक्कं माहीत होतं.

अठ्ठ्याहत्तर साली मी बावीस वर्षांचा होतो आणि हजेरी घेण्याच्या कामावर नुकताच लागलो होतो. टेम्पररी माणसाला सात महिन्यांच्या वर ठेवायचं नाही, असा तोंडी नियम होता. ठेवलं तर तो कायम होण्याचा हक्क सांगेल. प्रेसवर याचा हात चांगला बसलेला. सात महिने भरले तेव्हा सुपरवायझर कुरकुरायला लागला की आता नवीन माणूस शिकवत बसू का. मीच याला विचारलं, "भाऊ आहे का तुला?" "हाय, धाकटा. शेती करतो." "मग पुढचे सात महिने त्याच्या नावानं ये."

असं सगळीकडे चालायचं. मला तेव्हा आपण एका गरिबाची सोय केली असंच वाटलं. चार वर्षं एक महिना, सात-सात महिन्यांच्या सात पाळ्या: चार याच्या नावावर, तीन भावाच्या. भावाचे महिने एकवीस. नाव बदललं की सुपरवायझर दारातच विचारायचा, "आज कोण आलंय? थोरला का धाकटा?" आणि हा म्हणायचा, "आज धाकटा हाय साहेब. थोरला गावाला नागली लावतोय." सगळे हसत. मी हसत हसत हजेरी मांडत असे.

अधिकारी उत्तराची वाट पाहत होते. मी म्हणालो, "त्यांच्या नावावर नोंद नाही, साहेब."

वाक्य खरं होतं. आयुष्यभर आकड्यांशी काम केल्यामुळे अशी खरी वाक्यं मला चटकन सुचतात.

युनियनचा माणूस घड्याळाकडे बघत होता. "सही करून टाका, दादा. पुढच्या महिन्यात दर उतरतील. मग हेही मिळायचं नाही."

कामगाराने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "बरोबर हाय," तो म्हणाला. "माझ्या नावावर नसंल." आणि सही केली.

माझ्या गप्प बसण्याने त्याचं काय गेलं, हे मला नक्की माहीत होतं, कारण आठवडाभर आधी तो माझ्या टेबलाशी आला होता. सिडकोत एक खोली त्याने पाहिली होती, किंमत दोन लाख पंचेचाळीस हजार. मुलगी नववीत, तिची शाळा तिथून जवळ. "बसतंय का बघा, भाऊसाहेब." मी तेवीस वर्षं धरून चिठ्ठीवर आकडा काढून दिला: दोन लाख अठ्ठेचाळीस हजार चारशे. माझ्या त्या चिठ्ठीवर विसंबून त्याने इसार दिला. आता एकोणचाळीस हजार आठशे कमी पडत होते, आणि नोकरी सोडलेल्या माणसाला तेवढे कोण देणार होतं?

घरी बायकोला सांगितलं. ती गवार मोडत बसली होती.

"तुम्हाला गप्प राहायला कोणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"धमकी दिली?"

"नाही गं. पण ते नाव मी लिहिलं होतं. खोटी हजेरी. मलाच काढलं असतं. घराचे हप्ते आहेत, पोरीची बारावी आहे."

"काढलं असतं हे तुम्हाला कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस मी याच गोष्टीशी झगडत राहिलो. ऑफिसात आम्ही सगळे एकच सांगायचो: वरून आदेश होता, आपल्या हातात काय आहे. बाकीच्या एकतीस अर्जांपुरतं ते मी मान्य करतो. दर माझा नव्हता, यादी माझी नव्हती. पण या एका प्रश्नाबाबत वरून काही आलं नव्हतं. मला विचारलं गेलं आणि मी हो म्हणू शकत होतो. माझ्या नोकरीत पूर्णपणे माझ्या मर्जीवर सोडलेले क्षण मोजायला बसलो, तर हाताची बोटंही लागणार नाहीत. त्यातला हा एक. आणि ज्याला खरोखर पर्याय नव्हता, त्याने मात्र त्याच टेबलावर स्वखुशीने म्हणून सही केली.

पुढच्या वर्षी, सप्टेंबरात, शहरातच, द्वारका चौकात, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सल सोडवायला गेलो, तर दारात तो वॉचमनच्या खुर्चीवर बसलेला.

"काय भाऊसाहेब, चुकलात वाट?"

चहा झाला. मी खोलीचं विचारलं.

"गेली ती. इसार बी बुडाला. आता भाड्यानं हाय, म्हसरुळकडं."

"आणि मुलगी?"

"गावाला ठेवली, आजीकडं. दहावी नाय झाली तिची. भाडं भागवून दोघांचंच लय होतं."

"त्या दिवशी तुम्ही सांगून का टाकलं नाही, की नाव मी लिहिलं होतं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमचं काय झालं असतं? तुमच्या पोरीची बारावी व्हती ना?" मग हसला. "पास झाली का?"

"झाली."

"मग झालं तर."

ऑक्टोबरात मी लेखी दिलं. १९७८ ते ८२ या काळात अमुक तीन पाळ्यांत भावाच्या नावावर हाच माणूस कामावर होता, नाव मी सुचवलं, हजेरी मी लावली. अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे खोटी हजेरी तुमची."

"माझी."

"हे आत्ता का सुचलं?"

उशीर झाला, एवढंच म्हणालो.

शिक्षा झाली. एक वार्षिक वाढ वर्षभरासाठी थांबली: महिना एकशे वीस रुपये, एकूण चौदाशे चाळीस. ज्या भीतीने मी गप्प बसलो होतो, तिची खरी किंमत एवढी निघाली. चौकशी करून ती आधी काढता आली असती.

त्याच्या बाबतीत कंपनीचं म्हणणं असं पडलं की निवृत्तीचा हिशेब सहीने मिटलेला आहे, तो उघडता येणार नाही. खंडही तसाच राहणार, कारण खोटी हजेरी कंपनी कागदावर मान्य करू शकत नाही. मात्र भावाच्या नावावर एकवीस महिने दिसतात, तर वाद नको म्हणून दोन वर्षं धरून ग्रॅच्युइटीइतकी रक्कम देऊ. हजेरीवर ज्याचं नाव त्यालाच, स्वतः येऊन सही केल्यावर. मी वाद घातला. दोनदा घातला. तिसऱ्यांदा मला आत बोलावलं नाही.

डिसेंबरात भाऊ पेठहून बसने आला. कारखान्याच्या फाटकातून आत येण्याची त्याची ती पहिली वेळ. व्हाउचर मीच बनवलं. त्याने सही केली, नोटा दोनदा मोजल्या आणि बाहेर रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या थोरल्याकडे नेऊन दिल्या. थोरल्याने त्यातले शंभर काढून त्याला परतीच्या भाड्याला दिले.

चार वर्षांचे त्रेचाळीस हजार दोनशे देणं होतं. दिले पाच हजार चारशे, रोख, धाकट्या भावाला.