विधवेच्या हातचं पाणी

कुवेतमध्ये मंगफला आमच्या खालच्या मजल्यावर घानाची एक नर्स राहते. ती मला मम्मा म्हणते, मी तिला बाय. हिंदी तिची मोडकी, इंग्रजी माझी मोडकी, पण गप्पा कधी अडल्या नाहीत हो.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिळाचे लाडू वळत होते, तर ही रडत आली. तिकडे घानात त्यांच्या भागाचा पुढारी वारला होता. मी म्हटलं, "अगो, पुढाऱ्यासाठी कोण रडतं? आमच्याकडे सुट्टी मिळाली म्हणून खूश होतात!" रडता रडता हसली. मग स्टुलावर बसून सांगायला लागली.

तिचे वडील गेले तेव्हा आईला कोंडून ठेवलेलं. शेत दिरांनी घेतलं. विधवेच्या हातचं पाणी अशुभ, म्हणून कोणी पीत नसे. हा पुढारी तेव्हा नुकता त्या भागाचा मुख्य झालेला. गावात आला, भाषणबिषण काही नाही, सरळ हिच्या आईच्या अंगणात बसला नि म्हणाला, "तहान लागलीय." आईने घाबरत पाणी दिलं. तो प्यायला आणि भांडं गावच्या म्हाताऱ्यांपुढे केलं. साहेबाला नाही कसं म्हणणार? प्यायले मुकाट! पुढे विधवांची शेतं त्यांच्या त्यांच्या नावावर करायला लावली त्याने. रीत मोडली म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, निवडणुकीत पाडला.

"पाडला? मग सगळं परत पहिल्यासारखं?"

"नो, मम्मा. पिया हुआ पानी वापस कैसे निकालेगा?" म्हणाली. शेत अजून आईकडेच आहे.

ती ड्युटीवर गेली. मी आपली परातीकडे बघत राहिले. आमचे हे गेल्यापासून दर संक्रांतीला लाडू मी वळते, आणि हळदीकुंकवाच्या बायका आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते. कोणी जा म्हणत नाही. बस असंही कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. काळ्या साड्या, अत्तराचा घमघमाट, वाणाला स्टीलच्या चाळण्या. मी सोफ्यावर मधोमध बसले. सून कानाशी आली. "आई, तुम्ही आत... जरा..."

"मी इथेच आहे."

इथल्या मराठी मंडळातली एक म्हणाली, "काकू, लाडू काय झालेत! तुमच्या हाताची चवच वेगळी."

"हो ना? मग त्याच हाताचं कुंकू घे." मी तबक उचललं.

"अहो काकू, असं नसतं. शास्त्र आहे ना काही."

"मग त्या शास्त्राने लाडू कसा गिळू दिला गो तुला?"

ती उठली. घरी पाहुणे यायचेत म्हणे. चाळणी मात्र विसरली नाही!

बाकीच्या मोबाइलमध्ये बघायला लागल्या. कुंकवाचं बोट माझं तसंच पुढे. हात खाली घेतला असता, तर आतली खोली माझ्या कपाळी कायमची होती.

शेवटी सूनच पुढे झाली, वाकली. "लावा, आई. पटकन."

"पटकन कशाला? नीट लावते."

मग आणखी दोघी-तिघी आल्या. सगळ्या नाही आल्या. न येवोत. मी तबक सुनेच्या हातात दिलं नि म्हटलं, "आता मला."

तिने लावलं. जरा वाकडंच लागलं. मी पुसलं नाही, आरशातही बघितलं नाही. चपला घातल्या आणि त्या पाहुणेवालीच्या बिल्डिंगखालून मुद्दाम एक फेरी मारून आले.