ब्रेक जरा जोरात दाब हं

मेधाताईंच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द मी कधीच ऐकला नाही. आयर्लंडमध्ये, गॉलवेला त्यांच्या शेजारी मी राहायला गेले, त्याच दिवशी त्या भेटायला आल्या. चहा पुढे करत मी म्हटलं, “साखर जरा कमी पडलीय, चालेल ना?” त्या म्हणाल्या, “नाही. कुठल्या प्रेसमध्ये आहे साखर?” इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्यांनी उठून साखर काढली आणि माझ्याही कपात घातली.

वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत त्या तक्रारींचा तपास करायच्या. कारण सापडेपर्यंत तक्रार मिटवायची नाही हा त्यांचा ऑफिसातला नियम, आणि तोच घरी. मराठी मंडळातले लोक पाठीमागे त्यांना खडूस म्हणत. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

मंडळाचा एक जुनापुराणा पिकअप होता. एरवी गणपतीचं सामान आणि विद्यार्थ्यांच्या गाद्या वाहायचा. २०२०च्या लॉकडाउनमध्ये खोल्यांत अडकलेल्या आजारी विद्यार्थ्यांना आम्ही त्यातून किराणा पोचवायला लागलो. चालवणारे आम्ही चार-पाच जण. किल्ली देताना जो तो पुढच्याला सांगायचा, “ब्रेक जरा जोरात दाब हं, बाकी गाडी ग्रँड आहे.” मीही ऐकलं, दाबत राहिले आणि पुढच्याला तेच सांगितलं.

ऑक्टोबरात पिकअप चालवायची वेळ केतकीवर आली. एमएस्सी करणारी, मूठभर जिवाची मुलगी, नुकतीच करोनातून उठलेली. मंडळाचे अध्यक्ष दिलीपदादा तिच्या हातावर किल्ली ठेवत नेहमीचं वाक्य बोलले. मेधाताईंनी मध्येच हात घालून किल्ली काढून घेतली.

“जोरात म्हणजे किती?”

“अगं, अगदीच वाटलं तर दोन्ही पाय लावायचे. थांबते गाडी.”

“दोन्ही पाय लावून थांबवायचं त्याला व्यायाम म्हणतात, दिलीप. ही पोरगी काल जिना चढताना धापा टाकत होती. उतारावर समोर कुणाचं मूल आलं तर ही काय करणार?”

त्या स्वतः गाडीत बसल्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं, मग दाबून धरलं आणि इंजिन सुरू केलं. “आता हे पायाखाली थोडं खाली जायला हवं. तसूभर हललं नाही. म्हणजे इंजिनाची मदत ब्रेकला मिळतच नाहीये.” बॉनेट उघडलं तर आतून फुसफुस आवाज येत होता. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप चिरलेला होता, आणि चिरेवर काळी टेप गुंडाळलेली होती.

“ही टेप कुणी लावली?”

दिलीपदादा इकडेतिकडे बघू लागले. “मीच. तात्पुरती लावली होती गं, मार्चमध्ये. आणि गाडीच्या फिटनेस टेस्टची मुदत तर करोनामुळे सरकारनेच वाढवलीय.”

“मुदत कागदाची वाढली. रबराची कुणी वाढवली?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला मार्चपासून ठाऊक होतं, आणि तो आम्हाला खुशाल रस्त्यावर पाठवत होता! पण मंडळ चिडलं ते मेधाताईंवर. ‘पोरं उपाशी राहतील, ताईंना त्याचं काय?’ असं ग्रुपवर लिहिलं गेलं, आणि त्याला अंगठे मिळाले. पोरं उपाशी राहिली नाहीत. गॅरेजवाल्याने पाइप बदलून देईपर्यंत मेधाताई ऑफिस सुटल्यावर स्वतःच्या चिमुकल्या गाडीत कणकेची पोती कोंबून फेऱ्या मारत होत्या. अंगठेवाल्यांपैकी एकानेही एक पोतं उचललं नाही. पिकअप परत आल्यावर त्यांनी पुन्हा तसंच पेडल दाबून पाहिलं आणि मगच किल्ली केतकीला दिली. “किरकोळ काम होतं, उगाच तमाशा केला,” असं वर ऐकवलं गेलं ते वेगळंच.

२०२१च्या दिवाळीनंतर त्या कॉर्क शहरातल्या नव्या नोकरीवर निघाल्या. निरोपाच्या जेवणात दिलीपदादांनी भाषण ठोकलं, “मेधाताई जरा कडक, पण मनाने चांगल्या.” मेधाताई ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या मनाचं राहू दे. नव्या ड्रायव्हरांना किल्ली देताना ब्रेकबद्दल काय सांगतोस, ते सांग.”

पिकअप चालवत जेवणाची भांडी घेऊन आलेला ओंकार, सप्टेंबरातच पुण्याहून शिकायला आलेला, पलीकडच्या टेबलावरून म्हणाला, “मला तर कुणी काहीच नाही सांगितलं, ताई. ब्रेकबद्दल काय सांगायचं असतं?”

“काही नाही,” मेधाताई म्हणाल्या. “जेव तू.”